हलकं काम

त्या हॉटेलातल्या मुली त्यांना तोंडावर ‘मोठ्या बाई’ म्हणायच्या आणि पाठ फिरली की ‘करवत’. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. उलट आपलं नाव निघालं की मुलींचे हात भरभर चालतात, याचं त्यांना समाधानच होतं. चारही मजल्यांच्या खोल्यांची साफसफाई त्यांच्या हाताखाली. दाराच्या चौकटीवरून बोट फिरवायचं, ते बोट मुलीच्या नाकासमोर धरायचं आणि विचारायचं, "हे काय आहे? पावडर? मग लाव की तोंडाला!" अशी त्यांची शिकवण्याची पद्धत. जगात दोनच प्रकारची माणसं असतात, कामाची आणि कामचुकार, आणि पहिल्या प्रकारात आपण सोडून फारसं कोणी नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

एके दिवशी तिसऱ्या मजल्यावर चादरींची ट्रॉली ढकलताना त्यांच्या छातीवर कोणीतरी पाय दिल्यासारखं झालं. त्या भिंतीला टेकल्या. शेजारची मुलगी घाबरून बघत राहिली, तेव्हा बाई म्हणाल्या, "माझं तोंड काय बघतेस? टॉवेल संपलेत तिकडे." आणि मग कोसळल्या.

हृदयाचं ऑपरेशन झालं. छाती उघडताना मधलं हाड करवतीने कापावं लागतं, हे डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं तेव्हा बाई पलंगावर पडल्या पडल्या खुदकन हसल्या. "करवतीलाच करवत लागली म्हणायची!" डॉक्टरांना विनोद कळला नाही. नवऱ्याला वाटलं, भूल अजून उतरली नाही.

जिने चढणं, ओझी ढकलणं, धावपळ सगळं बंद, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर नवऱ्याने राजीनामा लिहून आणला आणि बाईंनी त्यावर सही केली. नाकात नळी असताना माणूस कशावरही सही करतो.

पुढचं जवळजवळ वर्ष घरात गेलं. नवरा निवृत्त ग्रंथपाल. जन्मभर लोकांना ‘शू’ करण्यात गेलेला माणूस, त्यामुळे तो घरातही कुजबुजतच बोलायचा. बाई उठल्या की तो कोपराला धरायचा, बसल्या की पाठीमागे उशी द्यायचा, आणि जेवणाला म्हणून जे काही समोर ठेवायचा त्याला मीठ माहीत नव्हतं. आठवड्याला एकदा नणंद यायची. ती शेजारी बसून बाईंचा हात हातात घ्यायची आणि म्हणायची, "वहिनी, खूप केलंत हो तुम्ही आयुष्यभर. सगळ्यांसाठी झिजलात."

"वन्सं, मी अजून जिवंत आहे. शोकसभा नंतर घ्या."

नणंद डोळे पुसत पुसत हसायची. पूर्वी हिने अशा बोलण्यावर महिनाभर अबोला धरला असता. आता कोणी रागवायचंच नाही, हीच तर खरी पंचाईत होती. बाई काहीही बोलल्या तरी सगळे माना डोलवायचे. एकदा त्यांनी मुद्दामच खिडकीतून बाहेर बघून नवऱ्याला म्हटलं, "आज सूर्य उत्तरेला उगवलाय."

"असेल, असेल," नवरा कुजबुजला. "तू त्रास करून घेऊ नकोस."

त्याच दुपारी बाईंनी हॉटेलात फोन लावला.

नवा व्यवस्थापक बाई घरी असतानाच्या काळात आला होता. फोनवर तो इतका गोड बोलला की बाईंनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला. त्यांच्यासारख्या अनुभवी व्यक्तीला परत घ्यायला त्याला आनंदच होता, म्हणे. अर्थात, काम हलकंच असेल. डॉक्टरांनीही परवानगी दिली. दिवसातले थोडे तास, जिने नाहीत, ओझी नाहीत, आणि रागवायचं नाही.

"मग तिथे जाऊन मी करू काय?" बाईंनी विचारलं.

नवऱ्याचा मात्र चेहरा उतरला. "अगं, घरात तुला काय कमी आहे?"

"भांडण," बाई म्हणाल्या, आणि कपाटातून जुना गणवेश काढला. तो खांद्यात बराच सैल झाला होता. कामावर जायच्या सकाळी त्यांनी दोन्ही बाजूंनी तो टाचून घेतला, केस घट्ट बांधले आणि नवऱ्याने कोपराला लावलेला हात झटकून जिना उतरल्या.

हॉटेलच्या मागच्या दाराशी सगळा ताफा उभा होता. मुलींनी कार्डबोर्डवर रंगीत अक्षरांत ‘स्वगत’ असं लिहिलं होतं. स्वागतातला काना कोणाच्याच लक्षात आला नव्हता. व्यवस्थापकाने फुलांचा गुच्छ पुढे केला. ती फुलं दर्शनी दालनातल्या मोठ्या फुलदाणीतली होती, आणि शिळी होती. देठांचा कुजट वास बाईंना हातभरावरून आला.

"बाई, आपण सगळे एक कुटुंब आहोत," व्यवस्थापक म्हणाला. तिशीतला, गुळगुळीत, बुटांना आरशासारखी चकाकी असलेला माणूस. आयुष्यात एक चादर अंथरली असेल तर शपथ. "तुम्ही फक्त तब्येत सांभाळा. बाकी सगळं बघायला ही आहे."

‘ही’ म्हणजे हसरी. बाईंच्याच हाताखाली तयार झालेली, तिशीची, गालाला खळी. बाई तिला फाडफाड बोलायच्या तेव्हाही ती हसायची, म्हणून तिचं नाव हसरी. हिच्या वरच्या मजल्यावर अंधार आहे, अशी बाईंची तेव्हापासूनची समजूत. आणि आता बाईंच्या जागेवर ती! कानामागून आली आणि तिखट झाली म्हणावं, तर ही तिखटही नव्हती. नुसती गोडमिट्ट.

"या बाई," हसरी म्हणाली. "तुमच्यासाठी खास खुर्ची ठेवली आहे."

ती खुर्ची तळघरातल्या कपड्यांच्या खोलीत होती. तिला गादी होती, पाठीला उशी होती, पाय ठेवायला लहान स्टूल होतं. धुऊन आलेले टॉवेल बघायचे, फाटका असेल तो बाजूला काढायचा, एवढंच काम. बाई बसल्या. समोरून येणारीजाणारी प्रत्येक मुलगी थांबून मान तिरकी करायची आणि लहान बाळाशी बोलावं तशा आवाजात विचारायची, "बरं वाटतंय ना बाई?"

"बरं वाटत नसतं तर इथे कशाला मरायला आले असते?"

मुलगी हसून पुढे जायची. पूर्वी याच मुली त्यांच्या चपलांचा आवाज ऐकून जिन्यात लपायच्या. बाईंना वाटलं, हे घर काय आणि ते घर काय, फक्त उशीचा अभ्रा बदलला.

दोन-तीन दिवस त्यांनी कळ काढली. मग एका दुपारी, हसरी जेवायला गेलेली बघून, त्या लिफ्टने वर गेल्या. आपल्या गैरहजेरीत हॉटेलचा उकिरडा झाला असणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. एका रिकाम्या खोलीत शिरून त्यांनी चौकटीवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ. पडद्याच्या दांडीवर, दिव्याच्या छत्रीत, पलंगाच्या मागे, न्हाणीघरातल्या नळाच्या मागे, जिथे खुद्द मालकाच्या बापालाही सुचणार नाही तिथे त्यांनी बोट घातलं. काही नाही. दुसऱ्या खोलीत गेल्या, तिसऱ्या खोलीत गेल्या. चादरींचे कोपरे असे बसलेले की त्यांच्या स्वतःच्या हाताचे वाटावेत.

नवऱ्याचे खिसे तपासणाऱ्या बायकोला काहीच सापडू नये आणि त्यामुळेच तिचा जळफळाट व्हावा, तशी बाईंची गत झाली. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. एवढी वर्षं त्यांनी घसा फोडला होता, मुलींना रडवलं होतं, एकीला तर एकच पलंग संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा घालायला लावला होता. आणि ही खळीवाली नुसती हसून तेच काम करून घेत होती. याचा अर्थ काय होतो, हा विचार मनात यायच्या आत बाई उठल्या, चादरीवर पडलेली घडी त्यांनी हाताने नीट केली आणि खाली आल्या.

मग त्यांना एक गोष्ट खुपायला लागली. मुली आता जोडीजोडीने काम करत होत्या. बाईंच्या राज्यात एका खोलीत एक मुलगी असायची, दार बंद, तोंड बंद. आता प्रत्येक खोलीत दोघी आणि दार सताड उघडं. खिदळण्याचा आवाज जिन्यापर्यंत यायचा.

"कामावर आलेत की सहलीला?" बाईंनी हसरीला विचारलं.

"जोडीने काम लवकर होतं, बाई," हसरी गोड हसून म्हणाली. "तुम्ही डोक्याला त्रास नका करून घेऊ."

डोक्याला त्रास! बाईंना वाटलं, हिच्या त्या खळीत बोट घालून बघावं, आत धूळ आहे का.

त्या जोड्यांपैकी एक जोडी होती लांबी आणि बुटकीची. लांबी ताडमाड, दुसरी तिच्या कोपरापर्यंत येणारी, जेमतेम विशीची. दोघी कायम बरोबर. एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरून आलेल्या टॉवेलांच्या ढिगात बाईंना अखेर हवं होतं ते सापडलं. टॉवेलांच्या घड्या उलट्या होत्या. कापलेली कड बाहेर आणि दुमड आत. आल्यापासून पहिली चूक! बाईंच्या अंगात जणू रक्त फिरलं. त्यांनी फोन करून लांबीला खाली बोलावून घेतलं.

"ह्या घड्या कोणी शिकवल्या तुला? सगळा ढीग पुन्हा घाल. इथेच, माझ्यासमोर."

लांबीने ढिगाकडे बघितलं, मग जिन्याकडे. "बाई, नंतर घालते ना. ती वर एकटी आहे."

"एकटी आहे तर काय भूत खाणार आहे तिला? आधी ह्या घड्या."

"पण हसरीताईंनी सांगितलंय की..."

"हसरीताईला घड्या मी शिकवल्यात."

लांबी घड्या घालायला लागली. घाईत तिच्या घड्या पुन्हा पुन्हा चुकत होत्या. बाईंना ते बघून बरं वाटलं. किती दिवसांनी कोणीतरी त्यांना घाबरलं होतं.

थोड्याच वेळात भिंतीवरचा फोन वाजला. दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीतला पाहुणा होता. दर महिन्याला कामानिमित्त येणारा, व्यवस्थापक ज्याला दारापर्यंत सोडायला जातो असा. "आणखी टॉवेल पाठवा," तो म्हणाला. आवाजात हसू होतं. "ही तुमची पोरगी प्रत्येक टॉवेल खाली पाडते. तिला नीट उचलायला शिकवतोय मी." आणि त्याच्या आवाजामागे बुटकीचा बारीक आवाज आला, "साहेब, दार सोडा ना."

बाईंनी फोन ठेवला नाही, टाकला. लिफ्ट कोणाच्या तरी सामानाने अडलेली होती. त्या जिन्याने निघाल्या. पहिल्या मजल्यावर श्वास लागला, पुढे छातीतली ती शिवलेली रेघ ओढ घ्यायला लागली. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, असं स्वतःशी पुटपुटत त्या कठडा धरून चढत राहिल्या. लांबी त्यांना मागे टाकून पुढे धावली होती, पण खोलीच्या दारात जाऊन तीही थबकली.

पाहुणा दारात आडवा पाय लावून उभा होता, हॉटेलचा झगा अंगावर, पट्टा सैल. आत जमिनीवर टॉवेल पसरलेले आणि बुटकी भिंतीला चिकटून उभी.

"पाय काढा," बाई म्हणाल्या.

"तुम्ही कोण?"

"आधी पट्टा बांधा. बघण्यासारखं काही नाही तिथे." बाईंना धाप लागली होती, पण जीभ पूर्वीसारखीच चालत होती. "इतकी वर्षं मी लोकांची घाण उचलली. पण आजवर ती न्हाणीघरात असायची. दारात उभी राहून बोलणारी आज पहिल्यांदाच बघते. हातात टॉवेल देऊन मुलीला खेळवतोस? घरी खेळायला कोणी देत नाही वाटतं? वय काय तुझं? केसांना रंग लावलास तो कानामागे राहिलाय, तो पूस आधी. आणि तो पाय काढतोस, की आख्ख्या मजल्याला बोलावून दाखवू हे प्रदर्शन?"

समोरच्या दोन खोल्यांची दारं उघडली होती. पाहुण्याने पाय काढला. बुटकी वाकून त्याच्या बाजूने निसटली ती थेट जिन्याकडे पळाली. पाहुणा मागून ओरडत राहिला, मालकाचं नाव घेत राहिला, आणि तासाभरात बॅगा उचलून निघून गेला.

बाईंना वाटलं होतं, आता बुटकी येऊन पायावर डोकं ठेवील. बुटकी आली, पण तिचे डोळे लाल आणि ओठ आवळलेले. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं ओरडायला? सगळ्या मजल्याने बघितलं. आता हे घरी कळलं की माझं कामावर येणं बंद. मी हळूच निघाले असते."

"हळूच? दारात पाय होता त्याचा!"

"मला माहीत आहे कुठे होता," बुटकी म्हणाली आणि निघून गेली.

मग व्यवस्थापकाचं बोलावणं आलं. बाई तयारीनेच गेल्या. तो ओरडला तर काय काय सुनवायचं ते त्यांनी वाटेतच रचून ठेवलं होतं. पण तो ओरडला नाही. त्याने खुर्ची ओढून दिली, पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि मान तिरकी केली.

"बाई, आम्ही समजू शकतो. एवढ्या मोठ्या आजारातून उठल्यावर चिडचिड होतेच. त्यात तुमचा काही दोष नाही."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. दोष असता तर बरं झालं असतं. त्यांच्या रागालाही आता औषधाच्या बाटलीत भरून वर चिठ्ठी चिकटवली होती.

"उद्या मी त्या साहेबांना फोन लावणार आहे," तो पुढे म्हणाला. "तुम्ही फक्त दोन शब्द बोला. तब्येत बरी नव्हती, तोंडातून निघून गेलं, एवढंच. ते परत येतील, तुमचीही नोकरी राहील. कुटुंबात असं चालायचंच."

बाई उठून तळघरात आल्या. हसरी तिथे उभी होती. तिने दार लावलं. बाईंनी बघितलं, तर खळी नव्हती. चेहरा असा दिसत होता की ही दुसरीच कोणी बाई आहे.

"लांबीला खाली कोणी बोलावलं?"

"मी. घड्या..."

"खड्ड्यात गेल्या घड्या!" हसरी ओरडली. खरंच ओरडली, कपाटावरचे हँगर हलले असतील. "जोडी काय गप्पा मारायला लावलीय मी? कोणत्याही मुलीने खोलीत एकटीने जायचं नाही, दार लावायचं नाही, म्हणून जोडी. व्यवस्थापकाला खरं कारण सांगितलं असतं तर म्हणाला असता, पाहुण्यांचा अपमान होतो. म्हणून त्याला सांगितलं, जोडीने काम लवकर होतं. दात दाखवले, हसले, गोड बोलले आणि करून घेतलं. आणि तुम्ही दोन टॉवेलांसाठी जोडी फोडलीत!"

"मला काय माहीत..."

"तुम्हाला कधी काय माहीत होतं? तुमच्या वेळेला एका वर्षात तीन मुली सोडून गेल्या. तुम्ही काय म्हणालात? कामचुकार, नाजूक, नाकाने कांदे सोलणाऱ्या. त्यांतली एक त्याच कोपऱ्यातल्या खोलीतून रडत आली होती. तुमच्याकडेच आली होती बाई. तुम्ही तिला विचारलंत, पलंग का अर्धा ठेवलास."

 धुलाईघरातलं यंत्र भिंतीपलीकडे घरघरत होतं.

"तुम्ही कोसळलात ना, त्या दिवशी एकही मुलगी रडली नाही," हसरी म्हणाली. तिचा श्वास जोरात चालला होता. "मीसुद्धा नाही. आणि तुम्ही परत येणार म्हटल्यावर मी ही खुर्ची आणली ती तुमच्या काळजीने नव्हे. तुम्ही वर फिरकू नये म्हणून."

बाईंनी त्या खुर्चीकडे बघितलं. आणि सांगायला हरकत नाही, या सगळ्यात त्यांच्या मनात पहिल्यांदा काय उमटलं असेल, तर ते होतं सुख. निखळ सुख. जवळजवळ वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्यावर ओरडलं होतं. कोणी मान तिरकी केली नव्हती, कोणी कोपराला धरलं नव्हतं. जिला त्या बावळट समजत होत्या ती त्यांच्याहून तिरसट निघाली होती, आणि वर पक्की बेरकी. व्यवस्थापकाला बोटावर नाचवायची आणि तो समजायचा आपणच नाचवतोय.

लाज नंतर आली. हळूहळू, पण घट्ट आली. ती अर्ध्या पलंगाची मुलगी त्यांना आठवली. नाव आठवेना, चेहराही नीट आठवेना. आठवत होता तो फक्त पलंग.

"ती आता कुठे असते?" त्यांनी विचारलं.

"कोणाला माहीत. तुम्ही विचारलं नाहीत, आम्हीही भीतीने विचारलं नाही."

माफी मागायची बाईंना सवय नव्हती. शब्द जिभेवर आला, पण नव्या जोड्यासारखा चावायला लागला. त्यांनी तो गिळला आणि म्हणाल्या, "उद्या तो गुळगुळीत मला फोनवर बोलायला लावणार आहे."

"माहीत आहे. मी त्याच्यापुढे हसून बघितलं. ह्या वेळी चाललं नाही. तो माणूस परत आला की आधी बुटकी जाईल, मग बाकीच्या."

दुसऱ्या दिवशी बाई बोलावण्याची वाट न बघता व्यवस्थापकाच्या खोलीत गेल्या. त्याने हसत फोन उचलला.

"ठेवा तो," बाई म्हणाल्या. "मला बोलायचंय. काल मी जे बोलले ते शुद्धीवर बोलले. आजाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. आजारी होते तेव्हा मी चांगली गप्प होते."

"बाई, तुम्ही शांत व्हा. तुमच्या तब्येतीला..."

"हां, तब्येत. तब्येतीचंच सांगायला आले. डॉक्टर म्हणाले, राग गिळायचा नाही." डॉक्टर याच्या नेमकं उलटं म्हणाले होते, पण ते इथे सांगायला डॉक्टर थोडेच येणार होते. "तो माणूस पुन्हा ह्या हॉटेलात आला, की मी तळघरातली माझी खुर्ची आणून दर्शनी दालनात, बरोबर दारासमोर टाकणार. आणि त्याला बघून मला राग येणार. आणि मग बघा, मी काही छातीठोक सांगू शकत नाही. ही छाती आधीच एकदा ठोकलेली आहे. मी तिथेच पडले तर? पाहुणे येत असतील, तुमची फुलदाणी असेल आणि मी मधोमध आडवी. कुटुंबातलं माणूस म्हटल्यावर तुम्हालाच उचलावं लागेल."

व्यवस्थापकाचा गुळगुळीतपणा कपाळावर घामाच्या रूपाने बाहेर आला. ही बाई खोटं बोलत असेल असं त्याला वाटलं असावं. पण वाटणं वेगळं आणि दालनात आडवी बाई वेगळी. तो म्हणाला, विचार करतो. बाई म्हणाल्या, करा, आणि समोरच्याच खुर्चीवर हाताची घडी घालून बसल्या. मधेच त्यांनी छातीवर हात ठेवून एक लांब श्वास घेतला. खरं तर त्यांना खाज आली होती.

फोन काही लावला गेला नाही. त्या पाहुण्याला पुन्हा खोली मिळाली नाही. जेव्हा जेव्हा तो विचारायचा तेव्हा हॉटेल नेमकं भरलेलं असायचं. व्यवस्थापक बाईंशी तेव्हापासून मान सरळ ठेवून बोलायला लागला, आणि तेही गरजेपुरतंच. बाईंच्या मते एवढ्या दिवसांत त्याने केलेली ती एकमेव अकलेची गोष्ट होती.

मुली मात्र एका रात्रीत बदलल्या नाहीत. लांबी दुरून जायची. बुटकी तर बघायचीसुद्धा नाही. बाईंनीही कोणाला गोंजारलं नाही. गोंजारणाऱ्यांबद्दल त्यांचं मत अजून तेच होतं. घरी मात्र त्यांनी नवऱ्याला बजावलं की जेवणात मीठ डॉक्टरांनी कमी सांगितलंय, बंद नाही, आणि आपण चुकलो तर चुकलीस असं तोंडावर म्हणायचं. नवऱ्याने धीर करून त्याच संध्याकाळी म्हटलं, "मग, तू माझ्याशी फार वाईट बोलतेस." बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "हे एवढ्या वर्षांत आज सांगताय?" त्या म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी दोघं जेवताना भांडले, आणि त्याचा आवाज कुजबुजीच्या वर गेला.

एक दिवस लांबी तापाने आली नाही. हसरी तळघरात येऊन म्हणाली, "बुटकीला जोडीला कोणी नाही. तिसरा मजला आहे, लिफ्टने या. ओझं उचलायचं नाही, फक्त बरोबर राहायचं. आणि बाई, तिच्या कामात बोट घालायचं नाही."

बाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्यांनी ते दाबलं आणि वर गेल्या.

बुटकीने त्यांना बघून तोंड वाकडं केलं, पण दार उघडं ठेवलं. दोघींनी जुनी चादर काढली, नवी झटकली. ती पलंगावर उतरली तशा दोघी दोन बाजूंना वाकल्या.

"कोपरा नीट ओढा, बाई," बुटकी म्हणाली. "तुमच्याकडे सैल राहिलाय."

मला कोपरा शिकवते! बाईंच्या डोळ्यांपुढे त्या सगळ्या मुली आल्या, ज्यांना त्यांनी हाच कोपरा डोळ्यांतून पाणी काढून शिकवला होता. त्यांनी वाकून नीट बघितलं. कोपरा खरंच सैल होता.

"तुझ्या बाजूने सोड जरा," त्या म्हणाल्या, आणि ओढला.